खाजामियाँचा एकुलता पत्रा

निलंग्यात दुकानांच्या पाट्या रंगवणारे खाजामियाँ पेंटर आणि शाळेत चित्रकला शिकवणारा मी, आम्ही दोघं प्रदर्शनं बघत हिंडायचो. लातूरला किंवा नांदेडला कुणी चित्रं मांडलीत असं कळायचा अवकाश, खाजामियाँ माझ्याआधी एसटी स्टँडवर हजर. हैदराबादच्या म्युझियममधला पहारेकरी तर आम्हाला बघून हसायला लागला होता. नांदेडच्या एका चित्रकाराच्या घरी आम्ही न बोलावता जाऊन धडकलो. त्या भल्या माणसाने चहा पाजला, स्टुडिओ दाखवला, आणि खाजामियाँनी त्याचे ब्रश एकेक करून हुंगून पाहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत ते खिडकीशी बसून बोटाने हवेत रेघा ओढत. "हात शिवशिवून राहिलेत सर," म्हणत. दुसऱ्याचं चांगलं बघून एवढा खूश होणारा माणूस मी पाहिला नाही. पण त्यांची एक खोड होती आणि तिचा मला संताप यायचा. स्वतःच्या चित्रांसाठी त्यांच्याकडे एकच पत्रा होता, कुठल्याशा बंद पडलेल्या दवाखान्याची जाड पाटी. कापड सडतं, पत्रा टिकतो, असं त्यांचं म्हणणं. नवं काही बघून आले की आधीचं चित्र त्यांना फालतू वाटायचं, आणि ते पुसून त्याच पत्र्यावर दुसरं सुरू व्हायचं. पाटीवाल्याची सवयच ती. किराणा दुकान जातं, मोबाईलचं येतं, पत्रा तोच राहतो. फ्लेक्स आले आणि पाट्यांचं काम गेलं, सवय मात्र गेली नाही. त्यामुळे त्यांच्या घरी कधीही गेलं तरी दाखवायला एकच चित्र, तेही कुणाचं तरी बघून काढलेलं.

पत्रा तयार करायचं काम त्यांच्या बायकोचं, रईसाभाभींचं. जुना रंग पॉलिश पेपरने घासायचा आणि वर पांढऱ्याचा एक हात द्यायचा. पुढे पुढे त्यांची बोटं सुजायची, तरी ते काम त्या दुसऱ्या कुणाला देत नसत.

एकदाच खाजामियाँनी फार चांगलं चित्र काढलं. रईसाभाभी उंबऱ्यात सूप घेऊन तूर निवडत बसल्यात आणि काहीतरी सांगायला नुकतंच वर बघितलंय. त्यात कुणाची नक्कल नव्हती. मी म्हणालो, हे लातूरच्या प्रदर्शनात ठेवू. भाभी लाजून आत निघून गेल्या. त्याच आठवड्यात आम्ही हैदराबादला गेलो. म्युझियमच्या पायऱ्यांवरूनच खाजामियाँनी घरी फोन लावला आणि पत्रा तयार ठेवायला सांगितलं. नंतर मी गेलो तेव्हा सूप, तूर, भाभी, काहीच नव्हतं. पत्र्यावर एक ढेरपोट्या घोड्यावरचा सरदार बसला होता. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

गेल्या वर्षी, त्या घोड्यावर दुसरं काही चढायच्या आतच, भाभी गेल्या. तापाचं निमित्त झालं. मागे राहिला आधार कार्डावरचा फोटो, आणि आधार कार्डावर कोण माणसासारखं दिसतं? खाजामियाँ आठवून आठवून काढायला बसले. कागदामागून कागद फाडले. "डोळे येतात सर, बघणं येत न्हाई," ते म्हणाले.

मन रमेल म्हणून यंदा मीच त्यांना हैदराबादला नेलं. तिथे एका जुन्या तैलचित्राशेजारी त्याच चित्राचा यंत्राने काढलेला फोटो लावला होता. वरच्या रंगाखाली चित्रकाराने आधी काढलेला दुसराच चेहरा त्यात दिसत होता. मी इंग्रजी मजकूर वाचून अर्थ सांगितला. खाजामियाँ तिथून हलेनात. पहारेकऱ्याने दिवे मालवायला घेतले तेव्हा निघाले.

एसटीत खिडकीशी बसले. मग म्हणाले, "आमच्या पत्र्यात बी ती असंल."

"भाभी घासायच्या ना पत्रा?"

"त्या टायमाला तिची बोटं लई सुजली व्हती. आन् सोताचाच फोटू कोण घासंल सर? वरून पांढरा मारला असंल निस्ता."

मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पत्रा भिंतीवरून उतरवून अंगणात आडवा ठेवला. भाभींचा चेहरा घोड्याच्या मानेपाशी यायला हवा होता. खाजामियाँनी टर्पेंटाइनचा बोळा फिरवला आणि पत्तीने अलगद खरवडायला लागले. घोडा निघाला. पांढरा निघाला. खाली पत्रा चकाकला. जागा चुकली असेल म्हणून ते थोडं वर सरकले, मग डावीकडे. तिथेही पत्राच.

खरवडण्याचा आवाज ऐकून त्यांची मुलगी सदफ बाहेर आली. "काय करून राहिले अब्बा?"

त्यांनी सांगितलं. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"न्हाई अब्बा. अम्मीनं समदं घासलं व्हतं. म्या म्हनले, एवढं ऱ्हाऊ दे. ती म्हनली, खाली रंग ऱ्हायला तर वरचा सुटतो, तुझ्या अब्बाचं काम बिघडतं."

खाजामियाँनी मान वर केली नाही. "चेहरा?"

सदफ माझ्याकडे बघायला लागली.

"चेहरा पयला घासला," ती म्हणाली. "म्हनली, तेवढा गेला की मंग बाकीचं घासाया काही वाटत न्हाई."

त्यांनी उघड्या पत्र्यावरून बोट फिरवलं. "एक डाग ठेवला न्हाई," म्हणाले, आणि पत्ती खाली ठेवली. मग ते रडले. मी त्यांना रडताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, भाभींना नेलं तेव्हाही नाही.

पत्रा तसाच अंगणात भिंतीला लावून ठेवलाय. घोड्याला मान नाही. मागच्या महिन्यात नांदेडला मोठं प्रदर्शन लागलं, म्हणून मी त्यांना बोलवायला गेलो.

"तुमी जावा सर," ते म्हणाले. "ती मला काय सांगाया वर बघत व्हती, ते म्या इचारलंच न्हाई."

मीही गेलो नाही.