आर्डिसचा अंगठा

“मेलेला मासा डोळ्यांनी ओळखायचा नसतो,” आर्डिस क्वाले एकदा म्हणाली होती.

म्हणाली होती ती दक्षिणेकडच्या शहरातून आलेल्या एका माणसाला. तो आपला मासा हातात धरून वाद घालत होता, की बघा, डोळा कसा लखलखीत आहे. “डोळे मेल्यावरही बघतच असतात,” असं म्हणून तिने त्याच्या वजनातून अर्धा पौंड कापला आणि पुढच्याला हाक मारली. मिटन तळ्यावर ही गोष्ट पुढे बरीच वर्षं सांगितली गेली.

मिटन तळ्यावर नोव्हेंबर ते एप्रिल बर्फ असतो. उरलेल्या महिन्यांत लोक होड्या काढतात. जुन्या माणसांच्या मते खायचा मासा एकच, वॉलआय. बास हा नुसता भांडायचा मासा, गळाला लागला की पाण्याबाहेर उसळून शिव्या दिल्यासारखं तोंड हलवणारा. म्हणून बासची स्पर्धा. जूनच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक होडीने पाच बास जिवंत आणायचे, वजन करायचं, परत तळ्यात सोडायचे. मेलेला निघाला तर अर्धा पौंड वजा. मेलेला कोण ठरवणार, तर वजन करणारी. आणि ती ठरवणार अंगठ्याने. दुसऱ्या तळ्यांवर कल्ले हलतात का ते बघतात, इथे तसं नव्हतं. माशाच्या खालच्या ओठात अंगठा घालायचा. बासचे दात काचकागदासारखे बारीक असतात. मासा कितीही थकलेला असो, जीव असेल तर तो ओठ एकदा तरी मिटतो. एवढासा दाब. तो लागला तर जिवंत. एकतीस वर्षं हा अंगठा आर्डिसचा होता, आणि त्याच्यापुढे अपील नव्हतं.

तिचा नवरा मेरिल सीडरच्या लाकडातून आमिषं कोरायचा. बेडूक, उंदीर, छोटे मासे. पोटात शिशाचा तुकडा, खाली तीन टोकांचा गळ. आर्डिस ती रंगवायची. डोळे शेवटी काढायची, कारण डोळे काढले की ती वस्तू हातातून सुटते, असं मेरिल म्हणायचा. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. फ्रिजमध्ये एका बाजूला जिवंत गांडुळांचे डबे, दुसऱ्या बाजूला लोणी.

दीड वर्षापूर्वी जानेवारीत दोघं बर्फात भोक पाडून वॉलआयला बसली होती. मेरिल उपड्या बादलीवर बसला होता. “जरा थांब,” तो म्हणाला, आणि मग काही नाही म्हणाला. आर्डिसने त्याला घसरगाडीवर घातलं आणि किनाऱ्याकडे ओढायला लागली. अर्ध्या वाटेत तिचे पाय संपले. फोन थंडीने बंद पडला होता. तिने उजव्या हातातला हातमोजा काढला, मेरिलच्या बाहीत हात घातला आणि मनगटावर अंगठा ठेवला. ठोके होते. बारीक, पण होते. शून्याखाली सव्वीस होतं, वारा होता, आणि ती तशीच बसून राहिली. कारण अंगठा उचलला तर आपण काहीतरी सोडून देऊ असं तिला वाटत होतं. मग कधीतरी ठोके लागेनासे झाले. पाऊण तासाने ड्युएन सेथरला तळ्याच्या दूरच्या टोकाकडून ते दोन ठिपके दिसले आणि तो बर्फावर चालणारी स्नोमोबिल घेऊन आला.

इस्पितळात तिची चार बोटं वाचली. कातडी काळी पडली, सोलली, नवी आली. अंगठाही आला, गुलाबी, धडधाकट. त्यात जाणीव तेवढी परतली नाही. पट्टी बांधताना नर्स बोलता बोलता म्हणाली, “अंगठ्याने नाडी कधी बघू नये हं. स्वतःचीच लागते.” आर्डिस हो म्हणाली. तेव्हापासून तिला एवढंच माहीत नाही, की बर्फावर तिने मोजले ते ठोके कोणाचे होते, आणि थांबलं ते कोण. तिने हे कोणाला विचारलं नाही. विचारण्यासारखा माणूसही एकच होता.

अंगठ्याचंही तिने कोणाला सांगितलं नाही. ती बटणं बघून लावायला शिकली. कुंचला दोन बोटांत धरायला शिकली. एकदा ओव्हनची तापलेली जाळी धरली, मांस जळाल्याचा वास आला तेव्हा कळलं. गेल्या जूनच्या स्पर्धेत ती नेहमीसारखी माशांच्या टबापाशी उभी राहिली, माशांच्या ओठांत अंगठा घालत गेली, आणि बघितलं मात्र कल्ल्यांकडे. डोळ्यांनी. एकही चूक झाली नाही. तिला लाज वाटायला हवी होती. लाज यायची वाट बघत ती दोन दिवस बसली, मग दुकान उघडलं.

या मे महिन्यात ड्युएन दुकानात आला. मेरिलबरोबर तो सव्वीस वर्षं एका होडीत बसला होता. दोघं नऊ वेळा दुसरे आले होते, पहिले एकदाही नाही. क्लबच्या हॉलमध्ये एक लांब वल्हं टांगलेलं आहे, त्याच्यावर जिंकणाऱ्या जोडीची नावं तापलेल्या सळईने कोरतात.

“मेरिलची होडी देतेस का या वर्षी?” ड्युएनने विचारलं.

“ताडपत्रीखाली आहे. उंदरांनी सीट खाल्ली असेल.”

“मला उभ्यानेच जमतं. क्लबला विचारलंय मी. सेथर आणि क्वाले म्हणूनच नाव लावणार. होडीत मी एकटा असेन, पण नाव दोघांचं.” तो टोपी हातात फिरवत होता. “एकदा त्या वल्ह्यावर बसायला पाहिजे गं तो. नऊ वेळा त्याखाली बसून हॉटडिश खाल्लाय आम्ही.”

“तो म्हणायचा, तू वेळेवर जाळं घातलं असतंस तर नऊपैकी चार तरी जिंकलो असतो.”

“तो काहीही म्हणायचा,” ड्युएन म्हणाला. “तीन.”

तिने होडी दिली. भिंतीवरचा मेरिलचा लाकडी बेडूकही काढून दिला. देताना काही वाटतं का ते तिने बघितलं. खोलीत कोणी आहे का बघावं तसं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन कडक होतं. दुपारी चारपर्यंत टेस ब्यर्कक्विस्ट आणि तिची बहीण सगळ्यांच्या पुढे होत्या, पाच माशांचे सोळा पौंड चौदा औंस. टेस तिशीची, शाळेची बस चालवणारी. पंधरा वर्षं तिने या स्पर्धेत काही मिळवलं नव्हतं. मासा सोडताना मात्र ती दरवेळी त्याला “जा बाबा, सॉरी हं,” म्हणायची.

सगळ्यांत शेवटी ड्युएन आला. पिशवी त्याने दोन्ही हातांनी धरली होती, आत पाणी हिंदकळत होतं.

“काय रे, खडी भरलीस का?” रोलंडने विचारलं. रोलंड हा क्लबचा सेक्रेटरी, काटा वाचायचं काम त्याचं.

“खडी तुझ्या बायकोच्या पावात असते. तू काटा बघ.”

लोक हसले. चार मासे झाले. चारही तिच्या हातात फडफडले, बघायचीही गरज नव्हती. पाचवा मोठा होता, साडेचार पौंडांच्या वर, ताम्रवर्णी. आर्डिसने त्याच्या ओठात अंगठा घातला.

अंगठ्याकडून काही आलं नाही. कधीच येत नसे. तिने कल्ला बघितला. कल्ला हलला, किंवा कल्ल्यातून पाणी ओघळलं आणि त्यामुळे तो हलल्यासारखा झाला. डोळा तिच्याकडे बघत होता. पाचही मिळून काटा सतरा पौंड तीन औंसांवर थांबला. टेसपेक्षा पाच औंस जास्त. मेलेला असता तर अर्धा पौंड, म्हणजे आठ औंस गेले असते. एवढा हिशेब धक्क्यावरच्या प्रत्येकाने डोक्यात केला. ड्युएन माशाकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“जिवंत,” आर्डिस म्हणाली.

टाळ्या झाल्या. कोणीतरी ड्युएनच्या पाठीत धपाटा घातला. रोलंडने टब धक्क्याच्या टोकाशी नेऊन पाण्यात कलंडला. चार मासे शाईसारखे खाली गेले. पाचवा वर राहिला. मग हळूच उलटा झाला, पांढरं पोट आभाळाकडे करून, आणि लाटेबरोबर खांबाला टेकत राहिला.

टाळ्या कधी थांबल्या ते कळलं नाही.

“जाता जाता जातात कधीकधी,” रोलंड म्हणाला. “टबात दोन मिनिटं पुरतात. निकाल काट्यापाशी लागतो, धक्क्याच्या टोकाला नाही.”

सगळ्यांनी टेसकडे बघितलं. ती ओले हात जीन्सला पुसत होती. “मिसेस क्वाले, तुमच्या अंगठ्याला लागला ना तो?” तिने विचारलं. आर्डिसने काटा शून्यावर आणला. “मग झालं तर,” टेस म्हणाली. मनापासून म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं.

लोक हॉलकडे निघाले. ड्युएन होडी बांधत होता, आर्डिस त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढून तिला दिली. आत मेरिलचा बेडूक होता. रंग चावल्याच्या खुणांनी उडाला होता, एक डोळा गेला होता.

“याच्यावर घेतला तो मोठा,” ड्युएन म्हणाला. मग दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “होडीतल्या माशांच्या टाकीच्या पंपात शेवाळ अडकलं होतं गं. मेरिल तिथे काहीतरी लावायचा. लाकडाची पट्टी की काय. मी सव्वीस वर्षं त्याच्या पाठीमागे बसलो, काय लावायचा ते बघितलं नाही. एक वाजता झाकण उघडलं तर मोठा मासा आडवा पडलेला.”

“मेलेला?”

“मला वाटलं मेलाय. मग वाटलं, मी कोण ठरवणार. आर्डिसच्या अंगठ्यापुढे धरू, ती काय ते सांगेल. नाही म्हणालीस तर नाही.” त्याने गाठ ओढून घट्ट केली. “तू जिवंत म्हणालीस, तेव्हा मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. धरलं ना त्याने? जोरात?”

खांबापाशी एक पाणपक्षी माशाच्या पोटावर चोच मारत होता. आर्डिस ते बघत होती.

“चल,” ती म्हणाली. “जेवण गार होईल.”

हॉलमध्ये लांब टेबलांवर ओव्हनमध्ये भाजलेला खिम्याचा हॉटडिश, बटाट्याचं सॅलड, काकड्यांचं लोणचं आणि कॉफी होती. खिडक्यांतून अजून लख्ख उजेड येत होता, इथे जूनमध्ये नऊ वाजेपर्यंत असतो. सगळ्यांनी वाढून घेतलं. शेवटचा तुकडा नेहमीप्रमाणे कोणीच उचलत नव्हतं. शेगडीवर सळई तापत होती, वल्हं भिंतीवरून काढून टेबलावर ठेवलं होतं.

“सळईच्या आधी एक काम,” रोलंड उभा राहून म्हणाला. “एकतीस वर्षं झाली. आम्ही ठरवलं, हिला काहीतरी द्यायचं. ही बाई फुलं घेत नाही. घड्याळ घेत नाही. मग म्हटलं, जे हिच्याकडे आहे त्याचंच एक जास्तीचं देऊ.”

त्याने टेबलावरचा एक रुमाल बाजूला केला. लाकडी पाटीवर एक लाकडी अंगठा होता, सीडरचा, नख, सांधा, सगळं कोरलेलं. वर वॉर्निशची चकाकी.

“खराच आहे,” मागून कोणीतरी म्हणालं. “फक्त याला कॉफी लागत नाही.”

“आणि टोमणेही मारत नाही.”

लोक हसले. आर्डिसने तो अंगठा हातात घेतला. आपल्या अंगठ्याशेजारी धरला. कुठला कोणता ते सांगायला तिला बघावं लागलं. मेरिलचं लाकूड असंच लागायचं, हलकं, कोरडं. म्हणजे तेव्हा, लागायचं तेव्हा. तिने तो खाली ठेवला.

“आता तेवढी सही,” रोलंडने निकालाचा कागद पुढे सरकवला. “मग मेरिल वर चढतो.”

समोर ड्युएन बसला होता. त्याने टोपी काढली होती आणि केस ओले करून विंचरले होते. लग्नाला बसावं तसा बसला होता. टेस पलीकडच्या टेबलावर बहिणीच्या ताटात लोणचं वाढत होती.

आर्डिसने पेन्सिल घेतली. सेथर-क्वालेच्या पुढचा आकडा खोडला. त्याच्या शेजारी लिहिलं, सोळा पौंड अकरा. खाली सही केली.

रोलंडने कागद वाचला. पुन्हा वाचला. “अगं, तूच म्हणालीस ना जिवंत म्हणून. आम्ही सगळ्यांनी ऐकलं.”

“आर्डिस,” ड्युएन म्हणाला. “मी मघाशी बोललो म्हणून करू नकोस. माझं काय, मला काय कळतं. तुला लागला ना तो. तुझ्या अंगठ्याला लागला, मग विषय संपला.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग खिशातून तंबाखूची डबी काढली, बेडूक टेबलावर ठेवला. त्याच्या पोटाखालच्या गळाचं एक टोक उजव्या अंगठ्याच्या पेराला लावलं आणि दाबलं. सावकाश दाबलं, दोऱ्याने बटण शिवावं तसं. टोक आत गेलं. मग उलटा काटाही आत गेला, जिथून गळ परत निघत नाही. ड्युएनच्या तोंडून श्वास ओढल्याचा आवाज आला, गळ त्यालाच लागल्यासारखा. एका बाईने तोंड वळवलं. आर्डिसची पापणी हलली नाही. रक्ताचा एक थेंब कागदावर पडला, सोळा पौंड अकराच्या जरा खाली.

ड्युएनने आधी अंगठ्याकडे पाहिलं, मग लाकडी अंगठ्याकडे, मग तिच्या तोंडाकडे. त्याला कळत गेलं तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

“कधीपासून?” त्याने विचारलं. आणि मग स्वतःच, हळू, “त्या दिवसापासून.”

रोलंड शेगडीपाशी जाऊन सळई हातात घेऊन उभा राहिला, काय लिहायचं ते कळत नसल्यासारखा. मग त्याने टेसकडे बघून तिच्या बहिणीच्या नावाचं स्पेलिंग विचारलं.

आर्डिस उठली. खुर्ची टेबलाखाली सारली. लाकडी अंगठा तिथेच राहिला. अंगठ्याला लटकलेला एका डोळ्याचा बेडूक सांभाळत तिने डाव्या हाताने दार उघडलं आणि ती तळ्याकडच्या उजेडात निघून गेली.