इंग्लंडच्या डावीकडे फळा संपायचा

शकुंतलाबाई कुंभोजकरांना सांगलीच्या मुलींच्या शाळेत बिस्मार्क बाई म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. चौतीस वर्षं त्यांनी इतिहास शिकवला, त्यातही एकोणिसाव्या शतकातला युरोप म्हणजे त्यांची खास जहागीर. इटलीचं एकीकरण, जर्मनीचं एकीकरण, राष्ट्रवादाची कारणे, साम्राज्यवादाचे परिणाम, सगळं तोंडपाठ. शिवाय त्यांच्याकडे एक हुकमी एक्का होता. १८१५ सालच्या युरोपचा नकाशा त्या पुस्तकात न बघता फळ्यावर काढत, तोही साडेचार मिनिटांत. उजवीकडून रशियापासून सुरुवात, मग जर्मनीचे एकोणचाळीस तुकडे, आणि इटलीचा बूट आला की वर्गात कुणी खोकतसुद्धा नसे. एकदा तपासणीला आलेले साहेब तो नकाशा बघून खुर्चीतून उठून उभे राहिले होते. ही गोष्ट ऐकली नाही असा माणूस बाईंच्या नात्यात सापडायचा नाही.

२०२०च्या फेब्रुवारीत त्या मुलाकडे, चैतन्यकडे, आयर्लंडमधल्या एनिसला आल्या. येताना तीन महिन्यांचे कपडे आणि पाच किलो भाजणी आणली होती. चैतन्य शॅननच्या कारखान्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणाऱ्या विभागात इंजिनियर होता. महिन्याभरात जग बंद झालं आणि सत्तरी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पडू नये असा हुकूम निघाला. पुढे पाच किलोमीटरची मोकळीक मिळाली, परत गेली, परत मिळाली. विमानं नव्हती आणि व्हिसा आपोआप वाढत होता. जो युरोप बाईंनी जन्मभर खडूनं काढला, त्यात त्या शेवटी येऊन पोचल्या होत्या, आणि बघायला काय मिळालं, तर समोरची हिरवळ आणि सुपरमार्केटची गाडी.

२०२१च्या जानेवारीत शाळा पुन्हा बंद झाल्या. नात स्वानंदी, वय सोळा, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली आणि तिनं इतिहासाचं पुस्तक उघडलं. धडा होता युरोपातल्या राष्ट्रवादाचा. बाईंनी चष्मा पुसून दोनदा खात्री केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून, घड्याळ बांधून टेबलापाशी हजर झाल्या.

"चल, मी घेते तुझा तास. आधी कारणं लिहायची, मग परिणाम."

स्वानंदीनं दोन पानं लिहून घेतली. मग पेनाला टोपण लावून म्हणाली, "आय'म ग्रँड, आजी. नोरा इज हेल्पिंग मी." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत, नको, माझं चाललंय.

नोरा कॉन्सिडाइन म्हणजे शेजारची म्हातारी. वय शहात्तर, पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकून निवृत्त झालेली. ना बी.ए., ना बी.एड. रोज अकरा वाजता ती आपल्या बाजूच्या कुंपणापाशी चहाचा मग घेऊन येई, स्वानंदी या बाजूला दोन मीटर अंतर राखून उभी राही, आणि तासभर दोघींची तोंडं थांबत नसत. तिच्या पणजीचा भाऊ इंग्रजांच्या तुरुंगात गेला ती सकाळ नोरा अशी सांगे, जणू दाराच्या फटीतून स्वतःच बघत होती. स्वैपाकघराच्या खिडकीतून बाईंना अर्धंमुर्धं ऐकू येई आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड होई. कारणे नाहीत, परिणाम नाहीत, सनावळीचा पत्ता नाही. याला काय इतिहास म्हणतात? या गप्पा झाल्या.

आणि नात हसायची. बाईंच्या तासाला चौतीस वर्षांत कुणी हसलं नव्हतं, याचा त्यांना आजवर अभिमान होता.

नोरानं सोडा ब्रेड पाठवला. स्वानंदीनं लोणी लावून चार तुकडे खाल्ले आणि आजीचं थालीपीठ अर्धं टाकलं. बाईंनी उरलेला ब्रेड उघडाच ठेवला, तो वाळून दगड झाला, मग सगळ्यांसमोर तो ताटलीवर आपटून दाखवला.

"आई, बोलू द्या ना स्वानंदीला," सून अपूर्वा म्हणाली. "एवढं काय? तिलाही कुणाची तरी कंपनी हवीच ना."

"आपल्याकडेही आधी कंपनीच आली होती," बाई म्हणाल्या. "मग राज्य गेलं."

अपूर्वानं हसू दाबलं, पण बाई चेष्टा करत नव्हत्या. त्यांना मत्सर वाटत होता, अगदी सवतीसारखा, आणि एकाहत्तराव्या वर्षी तो वाटतो याची लाजही वाटत होती. लाजेनं मत्सर काही कमी झाला नाही.

मग त्यांनी आपला एक्का काढला. किराण्याबरोबर फुटपाथवर चित्रं काढायचे जाड खडू मागवले. बागेत सामान ठेवायची लाकडी शेड होती, काळ्या रंगाची, आणि तिची लांब भिंत नेमकी नोराच्या कुंपणाकडे तोंड करून होती. बाईंनी हे आधीच हेरून ठेवलं होतं. एक कोरडी सकाळ बघून, अकराच्या ठोक्याला, त्या पदर खोचून बाहेर आल्या.

"स्वानंदी, फोनवर वेळ लाव."

उजव्या कोपऱ्यात रशिया उमटला. पहिल्या रेघा बिचकत आल्या, पण प्रशियापर्यंत येता येता हाताला जुनी सवय आठवली. नोरा चहाचा मग घेऊन आली आणि प्यायचं विसरली. जर्मनीचे तुकडे पडले, इटलीचा बूट उतरला, स्पेन वळला, खाडी ओलांडून इंग्लंड झालं. पाच मिनिटं दहा सेकंद. नोरानं चहाचा मग कुंपणावर ठेवला आणि टाळ्या वाजवल्या. आपण आयुष्यात असं काही पाहिलं नाही, असं ती म्हणाली. स्वानंदीनं आजीच्या खांद्यावर हात टाकला. वर्षभरातला तो बाईंचा सर्वांत सुखाचा क्षण होता.

"पण आजी," स्वानंदी म्हणाली, आणि नेमकं हेच तिनं मराठीत विचारलं, "आपण कुठे आहोत?"

बाईंनी नकाशाकडे पाहिलं. इंग्लंडच्या डावीकडे चार बोटं जागा होती आणि तिथं शेड संपली होती. सांगलीतही तिथंच फळा संपायचा, पुढे कपाट होतं. आयर्लंडचं नाव त्यांच्या तासाला येई, नाही असं नाही. पण ते आपल्याकडच्या होमरूलच्या धड्यात, एका ओळीत. नकाशात कधी नाही. अलकनंदा नावाच्या एका मुलीनं एकदा विचारलंही होतं, बाई, इंग्लंडच्या डावीकडे काय आहे? बाईंनी उत्तर दिलं होतं, पेपरात येत नाही ते, बस खाली.

"अहो, काही हरकत नाही," कुंपणापलीकडून नोरा आपल्या इंग्रजीत हसत म्हणाली; मराठी कळली नाही तरी इंग्लंडच्या डावीकडची रिकामी जागा तिला दिसत होती. "आम्हाला कुठे बसवायचं, हे कुणालाच कधी जमलं नाही."

नोराच्या जागी आपण असतो तर ही संधी सोडली नसती, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तो चांगुलपणा जास्त झोंबला. त्या खडू स्वेटरच्या खिशात घालून आत गेल्या आणि दोन दिवस कुकरच्या शिट्ट्यांशिवाय स्वैपाकघरातून आवाज आला नाही.

तिसऱ्या दिवशी स्वानंदीला लॅपटॉपवर साऱ्या वर्गासमोर आठ मिनिटं बोलायचं होतं. बाई जिन्यावर धुतलेले कपडे घड्या करत बसल्या, म्हणजे तसं दाखवत बसल्या. दाराच्या फटीतून लॅपटॉपचा पडदा दिसत होता. पहिलंच चित्र शेडवरच्या नकाशाचं. हा माझ्या आजीनं काढला आहे, स्वानंदी इंग्रजीत म्हणाली, तिनं चौतीस वर्षं हे शिकवलं. बाईंची मान ताठ झाली.

पुढचं त्यांना शब्द न् शब्द कळलं. "माझ्या आजीचा देशही ब्रिटिश साम्राज्यात होता. ती मुलींना राष्ट्रवाद शिकवायची. इटलीचा शिकवला, ग्रीसचा शिकवला. आणि त्याच साम्राज्याशी भांडणारा आपला हा आयर्लंड तिच्या फळ्यावर मावला नाही, कारण तिची पुस्तकं ज्यांनी लिहिली त्यांचा फळा इंग्लंडपाशी संपत होता. साम्राज्य नुसती जमीन घेत नाही. ते दोन शेजाऱ्यांची ओळख होऊ देत नाही."

टॉवेल बाईंच्या मांडीवरून घसरला. त्यांना पोरीची गुरू व्हायचं होतं. पोरीनं त्यांचा दाखला करून टाकला. आणि मुद्दा बरोबर होता. हेच उत्तर पेपरात तपासायला आलं असतं तर त्यांनी दहापैकी नऊ दिले असते, दहा त्या कुणालाच देत नसत. तरी मनातला किडा वळवळलाच.

स्वानंदी बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "ते शेवटचं वाक्य नोरानं सांगितलं?"

"नोरा?" स्वानंदीनं डोळे मोठे केले. "नोरा डझन्ट डू परिणाम, आजी. नोरानं गोष्टी सांगितल्या. कारणं आणि परिणाम तुझे. दोन पानं लिहून नव्हतं का घेतलं?"

बाईंनी घसरलेला टॉवेल उचलला. त्या नाकात बोलल्यासारखं 'बरं' म्हणाल्या आणि कपडे घेऊन वर गेल्या.

रात्रीच्या पावसानं शेड धुऊन निघाली होती. सकाळी अकरा वाजता बाई स्वानंदीचं पुस्तक काखेत घेऊन बाहेर आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पुस्तकात बघून नकाशा काढायला घेतला, आणि तो डावीकडून. आधी आयर्लंड. नोरा चहाचा मग घेऊन आली, थोडा वेळ बघत राहिली, मग म्हणाली की खालच्या डाव्या कोपऱ्यातून समुद्रात गेलेली जमिनीची बोटं अजून लांब हवीत. बाईंना राग आला. तरी त्यांनी पदराच्या टोकानं रेघ पुसली आणि बोटं लांबवली.

आयर्लंड ऐसपैस आला. मग इंग्लंड, फ्रान्स, बूट, जर्मनीचे तुकडे. शेड पोलंडपाशी संपली.

"आणि रशिया?" नोरानं विचारलं.

शकुंतलाबाईंनी हातावरचा खडू झटकला.

"नॉट इन द पेपर," त्या म्हणाल्या.