साडी ठेव, सही करू नको

“वकिलाचं नाव काय घालू?” असं विचारलं, की बाई हातातली पिशवी माझ्या टेबलावर आदळायच्या आणि म्हणायच्या, “मी हाय की!”

मी कोल्हापुरात कोर्टाबाहेर बसून अर्ज टाइप करून देतो. तीस वर्षं झाली. माणूस रिक्षातून उतरला, की भांडण जमिनीचं का नवराबायकोचं हे मी ओळखतो, असा माझा तोरा. चार दिवस माझ्याशेजारी बसा, तुम्हालाही जमेल. पण या बाईंच्या बाबतीत मी साफ आपटलो.

त्या हुपरीच्या. वडील चांदीचे पैंजण करायचे. ते वारले, आणि मृत्युपत्राप्रमाणे सगळं वाटून द्यायची जबाबदारी त्यांनी पोरावर नाही, या धाकट्या लेकीवर टाकलेली. भाऊ भडकला. मृत्युपत्रच खोटं म्हणून त्यानं हरकत घेतली. नोंदीच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, कोर्टातून प्रोबेट आणा, म्हणजे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का.

मी म्हटलं, “बाई, वकील लावा. हे येरागबाळ्याचं काम नव्हे.”

“का? कायद्यात न्हाय म्हणलंय?”

“तसं नाही, पण...”

“मग मारा की टाइप! आप्पांनी माझं नाव घातलंय, वकिलाचं न्हवं.”

झालं! दोन वर्षं या बाईंनी मला पिदडलं. प्रत्येक पान मोठ्यानं वाचून दाखवायला लावायच्या. एकदा हाताच्या सवयीनं मी ‘अर्जदारास खोली मिळावी’ असं लिहिलं. त्यांनी कागद माझ्याकडं परत ढकलला.

“खोडा. खोली आक्काची हाय.”

“मग तुम्हाला काय?”

“मला काय न्हाय.”

मी चष्मा काढून त्यांच्याकडं बघतच राहिलो. घर भावाला, मागची कामाची खोली थोरल्या विधवा बहिणीला, आणि हिला नुसता हेलपाटा! थोरली त्या खोलीतच राहायची, पैंजणांना घुंगरं जोडून पोट भरायची. खोली गेली असती तर ती रस्त्यावरच आली असती.

आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दिवाळीला बहिणीला साडी, आणि साडीमागून हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून बहीणही मुकाट्यानं सही करते. या भावानंही थोरलीला दोन्ही एकदमच पाठवलं. तिनं पेनाचं टोपण काढलेलंसुद्धा, तेवढ्यात आमच्या बाई दारात हजर.

“साडी ठेव. भावानं दिलीय, नेस. कागद आण हिकडं!”

आणि पुढच्या तारखेला थोरली तीच साडी नेसून कोर्टात उभी! भाऊ जिन्यातच थबकला. मला हसू आवरेना.

मृत्युपत्रावरचा एक साक्षीदार वारलेला. दुसरा राजारामपुरीत लेकाकडं राहायचा. आपल्याला काही आठवत नाही, असं तो सांगायला लागला. बाई त्याच्या दारात जाऊन म्हणाल्या, “काका, आठवत न्हाय म्हणा. पर कोर्टात म्हणा, आन् माझ्या तोंडाकडं बघून म्हणा.” म्हातारा आला आणि सगळं खरं बोलून गेला.

हुकूम बाईंच्या बाजूनं झाला त्या दिवशी भाऊ चहाच्या गाड्याजवळ मान खाली घालून उभा होता. मला वाटलं, आता ही त्याची सालटी काढणार. त्या सरळ त्याच्यापुढं गेल्या.

“घराचं कागद आणून दे. तुझं नाव लावायचं कामबी माझंच हाय.”

आणि खरंच लावून दिलं हो! मला त्या बाईंचा फार अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू, थोडा रागही आला. का आला, ते तेव्हा कळलं नाही.

शेवटच्या दिवशी पेढे घेऊन आल्या.

“पावणं, तुमास्नी बहीण हाय?”

“आहे की. गडहिंग्लजला दिलीय.”

“सही झाली तिची?”

“कवाच.”

“कागद टाइप कुणी केलता?”

पेढा माझ्या तोंडात तसाच राहिला. बाईंनी पिशवी उचलली आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या मला दिसल्या नाहीत. काम संपल्यावर कोर्टाकडं कोण फिरकतंय!

यंदा भाऊबीजेला मी गडहिंग्लजला गेलो. ओवाळून झाल्यावर तो जुना हक्कसोडपत्राचा कागद खिशातून काढून बहिणीपुढं ठेवला.

“सही करताना हे वाचलं होतंस का गं?”

ती हसली.

“दादा, तू टाइप केलेलं. मी कशाला वाचू?”