सिंधुमावशींचं कोमट पाणी

निलंग्याच्या आमच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात सिंधुमावशी अठ्ठावीस वर्षं आया होत्या. मी लुबना, तिथली नर्स. टाके पडलेल्या बाईला पहिल्यांदा धुवायचं काम मावशींचंच. धुताना त्या सांगत राहायच्या, "कोमट पाणी बास, पोरी. बाहेरूनच धू. आत काई न्हाई, साबण न्हाई, सेंट तर न्हाईच. फुडून मागं धू अन् मऊ सुती फडक्यानं टिपून घे. घासू नको, कातडं हाय ते, तवा न्हाई." लाजेनं अर्धमेल्या झालेल्या पोरीही त्यांच्यापुढं सैल व्हायच्या.

घरी मात्र वेगळीच तऱ्हा. बाळंतिणीचा विटाळ घेऊन उंबरा ओलांडायचा नाही, ही सासूची ताकीद. म्हणून रोज ड्युटी संपली की मावशी परसातल्या न्हाणीत बसायच्या. बादलीत फरशी पुसायचं जंतुनाशक ओतायच्या आणि त्या पाण्यानं सगळं अंग काथ्यानं घासायच्या, ती जागासुद्धा. सासू वारली, तरी बादली सुटली नाही.

मागच्या वर्षी स्टुलावर बसताना त्या कण्हल्या.

"काय होतंय, मावशी?"

"खाज सुटलीया. जाईल."

"दाखवा मला."

"तुला? लेकीसारखी तू. न्हाई."

मला रागच आला. हजार बायांचं पाहिलेली बाई, आणि स्वतःचं दाखवायला लाज! पण रागाच्या भरात मी हट्ट धरला नाही. ते मला अजून खातं.

पुढं त्यांच्या पिशवीत मला रक्ताचं फडकं सापडलं तेव्हा त्यांना लातूरला नेलं. त्या जागेच्या कातडीचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जंतुनाशकानं कातडी होरपळली, कॅन्सर त्यानंच झाला असं नाही. पण तिथं पांढरा चट्टा सहा वर्षं होता. आग त्या पाण्याचीच असणार, असं धरून मावशी बसल्या होत्या. वेळेवर दाखवला असता तर निभावलं असतं.

आता ड्युटीनंतर मी त्यांच्या घरी जाते. कोमट पाण्यानं धुते, टिपते. पहिल्या दिवशी त्यांनी तोंडावर पदर ओढला होता. काल नाही ओढला. माझ्या हाताकडं बघत म्हणाल्या, "व्हय, असंच करायचं असतंय."

मग बादलीकडं बघून हळूच विचारलं, "त्यात फरशीचं औषध टाकलंस न्हवं? मी लई घाण हाय गं."