चार बोटांवरचं बंदर

काकूंचा फोन हुकला तो माझ्या बोटामुळे.

आमचं दुकान जहाजांना पडद्यावर दिसणारे समुद्राचे नकाशे पुरवतं. शेजारच्या कारखान्यात काकू जहाजांवरचे रबरी तराफे तपासतात: फुगवायचे, साबणाचं पाणी लावून गळती शोधायची, पावडर मारून घडी घालायची. दहा माणसांचा तराफा ट्रंकेएवढ्या डब्यात बसवतात आणि वर मला विचारतात, "तुझ्या खोलीतलं कपाट होतं का रे बंद?"

काका मालवाहू जहाजाच्या इंजिनावर. समुद्रात फोन नाही. बंदर लागलं की कुणाचा तरी फोन मागून काकूंना एकदा लावायचे. म्हणून काकू सुटल्यावर आमच्याकडे डोकावायच्या. "कुठवर आलेत आमचे हे?" मी पडद्यावर जहाज दाखवायचो. अंतर मोजायचं बटण होतं, पण बटण दाबण्यात कसली हुशारी? जहाज विषुववृत्तापाशी होतं तेव्हा त्याची दिवसाची मजल माझ्या एका बोटाच्या रुंदीएवढी भरली होती. तेच माप मी पक्कं धरलं.

शनिवारी उत्तरेकडचं बंदर चार बोटांवर होतं. "बुधवारी पोचतील," मी छातीठोकपणे सांगितलं. काकूंनी बुधवारची रजा टाकली. कारखान्यात गॅसच्या टाक्या असल्याने फोन बाहेर कपाटात ठेवावे लागतात.

काका सोमवारी दुपारीच पोचले. सुट्टी झाल्यावर काकूंनी कपाट उघडलं, तर पाच मिस्ड कॉल. उलटा लावला, तर भलताच माणूस परक्या भाषेत बोलला. इंधन घेऊन जहाज निघूनही गेलं होतं.

दुकानाच्या मालकांनी मला पडद्यासमोर उभं केलं. "गोल पृथ्वी सपाट मांडायची तर उत्तरेला ती ताणावी लागते, शहाण्या. तिथे दिवसाची मजल दोन बोटांची दिसते. तुझं बोट मात्र तेवढंच राहिलं. अक्कलही."

काकू ऐकत होत्या. मला वाटलं, आता झाडतील. "म्हणजे जवळ आले होते," एवढंच म्हणाल्या. बुधवारची रजा मात्र त्यांनी घेतली. मंजूर झालीय तर कशाला सोडू, म्हणाल्या आणि दिवसभर फोन मांडीवर घेऊन घरी बसल्या.

तेव्हापासून त्यांचा फोन कपाटात नसतो, माझ्या टेबलावर असतो. मी त्याला चहालाही एकटं सोडत नाही.

पुढचं बंदर लागायला महिना लोटला. फोन वाजला तसा मी धावत कारखान्याच्या फाटकावर गेलो. काकू आल्या, हात कोपरापर्यंत पावडरीने पांढरे. फोन मीच त्यांच्या कानाला धरला.

"अहो, आवाज बसलाय तुमचा. मफलर घालता का? खोटं बोलू नका."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत राहिल्या. माझा हात अवघडला, पण हलवायची छाती झाली नाही.

फोन बंद झाल्यावर त्यांनी पदराने डोळे पुसले. पावडर गालभर लागली. मी हसलो, तशा म्हणाल्या, "दात काढू नकोस. हा आजचा झाला. तो सोमवारचा अजून तुझ्याकडे बाकीच आहे."