नुसतं आयर्लंड

आयर्लंडमधल्या मलिंगारच्या लायब्ररीत मी नातीबरोबर जायचो. तिथं एक अमेरिकन म्हातारी रोज कॉम्प्युटरवर जुने कागद बघायची आणि काचेवर बोट फिरवत पुटपुटायची. मी चौथी शिकलेला, पण कुणाला बिचकत नाही. नातीला म्हटलं, "विचार तिला, काय हरवलंय."

नातीनं सांगितलं, तिचे पणजोबा इथून अमेरिकेत जाऊन तिथले नागरिक झाले. त्या नागरिकत्वाचा कागद मिळालाय, पण त्यावर नुसतं 'आयर्लंड' आहे, गाव नाही. म्हातारी म्हणत होती, "आता मी कुणाच्या दारात उभी राहू?"

माझ्या मनात आलं, पुढच्या महिन्यात माझा मुलगा इथला नागरिक होणार.

परतताना नातीला विचारलं, "आपलं गाव कुठलं गं?"

"मुंबई, ऑफ कोर्स! तिथंच तर विमान उतरतं, आजोबा."

मी फुटपाथवरच थांबलो. म्हटलं, "गावाचं नाव पाठ झाल्याशिवाय घरी जायचं नाही."