मोटारीचे चार धनी

ती घटना आठवली की आजही हसू येतं, आणि हसता हसता मान ताठ होते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत चोऱ्या, मारामाऱ्या, जमिनीचे तंटे खूप पाहिले. त्यातलं बरंचसं विसरलो. ही मोटार मात्र विसरता येत नाही. यात कोणाचंही नाव लिहिणार नाही. ज्यांची नावं आहेत ती माणसं मजेत आहेत, त्यांना मजेत राहू द्यावं.

तेव्हा मी महाड तालुक्यात पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी घेऊन, लॉकअप पाहून स्टेशन डायरी पुढ्यात ओढली, तोच मुंबईहून संदेश आला. एका बड्या व्यावसायिकाची मोटार गॅरेजमधून गायब. चालकावर संशय, चालक मूळचा महाड तालुक्यातला. मालकाच्या मुलाने अपहाराचा गुन्हा दाखल केलेला. मोटार ताब्यात घ्यावी, चालकाला बसवून ठेवावं, पथक निघालं आहे.

खाली मोटारीचं वर्णन होतं. कंपनीने साऱ्या जगासाठी मिळून अशा मोजक्याच मोटारी काढल्या आणि नंतर काढणं बंद केलं. इंजिन पाठीमागे, दरवाजे वर उघडणारे, जमिनीपासून उंची मूठभर. आमच्या हवालदाराने ते मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "साहेब, ही गाडी आपल्या रस्त्यावर आली असंल तर चोराला आधी दवाखान्यात बघूया."

खबर मिळायला वेळ लागला नाही. तुडीलच्या बाजूला वाड्यांवर सुकट-बोंबील विकत फिरणारी एक बाई होती. कोणाकडे पाहुणे आले, कोणाकडे भांडण झालं, सगळं तिला ठाऊक. ती टोपली घेऊनच ठाण्यात आली.

"साहेब, देवळाम्होरं एक मोटार बसलीय. उभी नाय, बसलीय! सावित्रीच्या काठाला मगर ऊन खात पडते ना, तश्शी. वर गोधडी घातलीय."

"गोधडी?"

"नायतर काय! पोरा चढतील म्हून डायवरच्या म्हातारीनं चार गोधड्या टाकल्यान. माजी पाटी ठेवली टपावर, तर माज्यावरच वरडली."

आम्ही जीप काढली. डांबरी रस्ता संपतो तिथून देवळापर्यंत कच्ची वाट आहे. त्या वाटेच्या चाकोरीत गावकऱ्यांनी फळ्या, पेंढ्याच्या गुंड्या, एकाने तर गोठ्याचं दार टाकलेलं. मोठ्या ट्रकातून डांबरीवर उतरवून पुढे ती मोटार या गालिच्यावरून आणली होती. हवालदार म्हणाला, "चोरीचा माल लपवायला आख्खा गाव राबलेला मी पहिल्यांदा बघतोय."

देवळापुढे मांडव घालणं चाललं होतं. दुसऱ्या दिवशी जत्रा. मोटारीशेजारी खुर्ची टाकून एक पन्नाशीचा माणूस बसला होता. त्याला सगळे दाजी म्हणत. तोच चालक. आम्हाला पाहून उठला, नमस्कार केला, किल्ली पुढे केली.

"गाडी चोरलीस?"

"नाय साहेब."

"मग आणलीस कशी?"

"सांगता येनार नाय. उद्या सांगतो."

पोलिसाला 'उद्या सांगतो' म्हणणारा आरोपी मी आधीही पाहिला नव्हता, नंतरही पाहिला नाही.

पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. गोधड्या काढल्या. गडद निळा रंग, त्यात सगळा मांडव उलटा दिसत होता. हवालदार मागे जाऊन डिकी शोधत राहिला. तिथे इंजिन निघालं. दाजीला राहवलं नाही. "फुडं हाय, फुडं." पुढचं झाकण उघडलं. एक बॅग जेमतेम मावेल एवढी जागा, आणि तीत नारळ. सोललेले, शेंडी राखलेले, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा धागा. नग चार.

पंचनामा लिहिता लिहिता माझं पेन थांबलं.

मी शेतकऱ्याच्या घरातला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मीच पहिला, आणि हे सांगायला मला आजही आवडतं. पण नारळाला बांधलेले रंगीत धागे कॉलेजात शिकवत नाहीत. ते मी आमच्या अंगणात पाहिले होते. आमच्याकडे दुसऱ्याच्या दावणीचा बैल विकत आणला की त्याच्या मानेवर लगेच जू ठेवत नाहीत. आधी देवीपुढे नेतात. गुरव विचारतो, आधीचे धनी कोण? बैल ज्या ज्या हातातून आला त्या प्रत्येकाच्या नावाने गाऱ्हाणं घालून एकेक नारळ फोडायचा. कोणाचा जीव त्यात अडकला असेल तर मोकळा व्हावा, कोणाचा तळतळाट लागू नये. त्यानंतर बैल आपला.

दाजीला जीपमध्ये बसवलं नाही. देवळाच्या ओट्यावर बसलो, चहा मागवला आणि विचारलं, "मोटारीचे आधीचे धनी चार काय?"

दाजी हसला. "साहेब आपल्यातले दिसताव!"

तिथून तो बोलायला लागला. शेठ याच वाडीचे. तरुणपणी मुंबईला गेले, कॅन्टीनच्या धंद्यात मोठे झाले. म्हातारपणी हौस म्हणून ही मोटार घेतली. पण धाकटे शेठ, म्हणजे मुलगा, ती बाहेर काढू देईना. अशी मोटार जेवढी कमी चालते तेवढी तिची किंमत वाढते म्हणे. त्यामुळे मोटार गॅरेजात, शेठ घरात. शेवटी शेठनी दाजीला गुपचूप सांगितलं, मी दहा दिवस मौनाच्या शिबिराला बसतोय, तू जत्रेच्या आधी गाडी वाडीवर ने, मी सुटलो की थेट देवळात येतो. पोराला कळू देऊ नको, तो हसेल.

"मग मुलाने फोन केला तेव्हा बोलायचं होतंस."

"उचललाच नाय. उचलला असता तर खोटा बोलाया लागला असता."

"आणि शेठचा फोन?"

"शिबिरवाले जमा करून घेतात. शेठ कोनाशी बोलायचे नाय, शेठशी कोन बोलायचा नाय."

म्हणजे या माणसाचा एकमेव साक्षीदार कुठल्यातरी डोंगरात डोळे मिटून बसला होता. इकडे पथक येऊन ठेपत होतं. जत्रेच्या आदल्या दिवशी, आपल्याच देवळापुढून, सोयऱ्याधायऱ्यांच्या देखत दाजीला चोर म्हणून न्यायची वेळ आली होती. दाजीची आई खांबाला धरून उभी होती. ती एवढंच म्हणाली, "साहेब, न्यायचा तर मागल्या वाटेनं न्या." दाजीने मान खाली घातली. तोवर एकदाही घातली नव्हती.

पथकाच्या आधी धाकटे शेठ आले. पांढरे बूट, काळा चष्मा, अंगाला अत्तर. मोटारीवर गोधडीचे धागे पाहून त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, दवाखाना यांच्यासाठीच लागतो. मी नारळांचं सांगितलं.

"इन्स्पेक्टरसाहेब, थापा आहेत. कागदोपत्री आमच्या आधी दोन मालक, हैदराबादचा आणि बेंगळुरूचा. त्याच्या आधीचा लंडनवाला धरा. तीन झाले. चौथा आणला कुठून?"

दाजी शांतपणे म्हणाला, "कोचीचा."

"गाडी बेंगळुरूच्या पार्टीकडून घेतली! सही त्यांची आहे!"

"सही त्यांची. गाडी कोचीला होती. तुमी कागद बघितलाव, आनायला मी आनि शेठ गेलताव."

मी दाजीला म्हटलं, नीट सांग. कोचीच्या एका गृहस्थाने ती बेंगळुरूवाल्याकडून घेतली होती. मोटार घरी आली, पण कागद नावावर व्हायच्या आधी ते वारले. मागे त्यांची पत्नी. पुढे शेठना मोटार दिली तेव्हा सही बेंगळुरूवाल्याचीच झाली. कोचीच्या गृहस्थांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

"बाईंचा नंबर हाय. गाडी सुरू होत नव्हती तवा त्यांनीच फोनवर शिकवला."

व्हिडिओ कॉल लावला. हिंदी, इंग्रजी, जे सुचेल ते रेटलं. पलीकडे पिकल्या केसांच्या बाई होत्या. आधी माझा गणवेश बघून घाबरल्या. मी कॅमेरा मोटारीकडे वळवला तर तोंडावर हात घेतला. मी काही पढवलं नाही, एवढंच विचारलं की ही मोटार घ्यायला कोण आलं होतं, काय बोलणं झालं.

त्या म्हणाल्या, एक वृद्ध गृहस्थ आणि त्यांचे चालक. माझ्या नवऱ्याला आजारपणात रस्त्यावर जायची परवानगी नव्हती. रोज संध्याकाळी तो पोर्चमध्ये मोटारीत जाऊन बसायचा, दरवाजे वर करून. मी त्या गृहस्थांना म्हटलं, एकच अट, हिला झाकून ठेवू नका. ते म्हणाले, माझ्या गावी देवीपुढे नेईन, तुमच्या नवऱ्याच्या नावाने नारळ फोडीन. हा माझा चालकच घेऊन जाईल.

मग त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून कॅमेऱ्यापुढे धरला. हीच मोटार, आत एक कृश माणूस, तोंडभर हसणारा.

धाकटे शेठ चष्मा काढून तो फोटो बघत राहिले. म्हणाले, "पप्पा हे मला कधी बोलले नाहीत." दाजी म्हणाला, "तुमी विचारलाव कवा? तुमी किंमत विचारलीव."

पथक आलं. उपनिरीक्षक तडफदार होता, बेड्या घेऊनच उतरला. मी बाईंचं म्हणणं लिहून ठेवलं होतं ते वाचून दाखवलं. फिर्यादीनेच सांगितलं की वडील येईपर्यंत थांबा. मी म्हटलं, चालक पळत नाही, मोटार तर या वाटेवरून पळूच शकत नाही. माझ्या जबाबदारीवर दोघांना सोडा, उद्या खुद्द मालकाचा जबाब घ्या. उपनिरीक्षकाने वरिष्ठांना विचारलं आणि बेड्या परत जीपमध्ये ठेवल्या. दाजीच्या आईने लगेच त्याला विचारलं, "बाबा, घावने खाशील काय?" पथक जेवून राहिलं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. दहा दिवसांचं मौन सुटलेला माणूस. तो आम्हाला बोलूच देईना. हसून हसून डोळे पुसत जबाब दिला, मुलाला म्हणाले, "गाढवा, बापाच्या गाडीची चोरी लिहिलीस होय!" मुलगाही हसला. मग गुरवाने गाऱ्हाणं घातलं. लंडनवाल्याचं नाव त्याने तीनदा उच्चारलं, तिन्ही वेळा वेगळं, आणि दर वेळी गावाने जोरात 'होय महाराजा' म्हटलं. कोचीच्या नावाला शेठनी मुलाला पुढे ढकललं. पांढरे बूट काढून त्याने नारळ फोडला. फोनवर बाई बघत होत्या. मग दरवाजे वर झाले, दाजी स्टिअरिंगवर बसला, शेठ शेजारी, आणि मोटार फळ्यांवरून मुंगीच्या पावलाने देवळाला फेरी घालायला निघाली. पुढे ढोल, मागे पोरं. उपनिरीक्षक रस्ता मोकळा करत होता.

त्या तपासाने मला काय शिकवलं, असं पुष्कळजण विचारतात. कागद महत्त्वाचा आहेच. मी जन्मभर कागदावर चाललो, शिक्षणाने मला तेच दिलं आणि त्याचा मला अभिमान आहे. पण कागद शेवटचा मालक सांगतो. वस्तू किती जणांच्या जिवातून आली हे माणसांना विचारावं लागतं, आणि विचारायला वेळ काढावा लागतो. त्या दुपारी मी दाजीला पथकाच्या हवाली केलं असतं तरी कायद्याने माझी चूक ठरली नसती. शेठ आल्यावर तो सुटलाही असता. पण आईने मागली वाट मागितलेली वाडी विसरली नसती, आणि दाजीही.

फेरी संपल्यावर दाजी उतरला आणि भर जत्रेतून, पुढल्या वाटेने, आईचा हात धरून घरी जेवायला गेला. मी तिथेच उभा होतो. मला सॅल्यूट ठोकावासा वाटला. ठोकला.